धोंडबश्याची खबर

पक्ष्यांतलं मला काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. माझं गाव मेढ्याच्या बाजूला, डोंगरात. तिथं पावसाळ्याचे चार महिने माणूस घोंगडीच्या खोळीत डोकं खुपसून चालतो आणि उरलेले आठ महिने पायाखालची वाट बघत चालतो. वर कोण बघणार? कावळा, चिमणी, होला, घार आणि सुगीतले पोपट, एवढीच माझी ओळख, आणि तीही लांबूनच. अशा माणसानं वाळवंटातला एक पक्षी ओळखायचा घाट घातला, आणि त्या नादात एका म्हाताऱ्या माणसाला तीन वर्षं फसवलं. फसवायचं असं काही मनात नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा मी सातवीची फायनल पास होऊन मामाच्या घरी बसलो होतो. आईबाप लहानपणीच गेले होते. मामा वाईट नव्हता, पण त्याच्या घरात मी पाहुण्यासारखा जेवलो, म्हणजे दुसऱ्यांदा भात कधी मागितला नाही. साताऱ्याला भरती चालली होती. गेलो, उभा राहिलो, छाती भरली, घेतलं. लिहिता-वाचता येत होतं म्हणून मालगाड्यांच्या तुकडीत सामानावर नेमलं. टायर, पान्हे, पेट्रोलचे डबे सांभाळायचे. तिथं मला सगळे मास्तर म्हणू लागले. मी मास्तरकी एक दिवस केलेली नव्हती, पण तुकडीत वहीपेन्सिल बाळगणारा मी एकटाच.

बोटीतून उतरवून आम्हाला मिसरच्या पलीकडच्या वाळवंटात नेलं. वाळवंट म्हणजे नुसती वाळू असं मी समजत होतो. तिथं वाळू थोडी आणि गोटे फार. दिवसा डोळे उघडे ठेवता येत नाहीत इतका उजेड, आणि चहूकडे बघायला काही म्हणजे काही नाही. माणसं बोलायची थांबली. ड्रायव्हर लोक गाडी थांबवून उतरले की आपापल्या गाडीच्या सावलीला जाऊन बसत, दुसऱ्याच्या सावलीला जात नसत.

रविवारी दुपारी मात्र माझ्यापुढं गर्दी व्हायची. बहुतेक सगळे अंगठेबहाद्दर, आणि घरी पत्र घालायचं असायचं. मी पेट्रोलच्या रिकाम्या डब्यावर बसायचो, मांडीवर पाट, आणि एकेकाचं ऐकून लिहायचो. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' हे वाक्य मी दर रविवारी दहा-दहा वेळा लिहिलं आहे. दहा बापांना नमस्कार, आणि त्यांतला एकही माझा नाही. मामाला मी सुरुवातीला दोन पत्रं घातली. उत्तर एक आलं, कार्डावर, चार ओळींचं, आणि त्यातल्या दोन ओळी पावसाबद्दल होत्या.

लिहायचं तरी काय, हाही प्रश्नच होता. कुठं आहोत ते लिहायचं नाही, काय करतो ते लिहायचं नाही, गाडीचं नाव नाही, साहेबाचं नाव नाही. लिहिलंत तर वरचा साहेब काळ्या शाईचा पट्टा ओढायचा. घरी पत्र पोचायचं तेव्हा त्यात नमस्कार, खुशाली आणि मध्ये काळे पट्टे.

माझा एक दोस्त होता, ड्रायव्हर. कुंडलवरनं डोंगर चढून वर गेलं की जो कोरडा माळ लागतो, तिथला. सहा फूट उंच, इंजिनाच्या आवाजावरनं दुखणं सांगणारा, आणि तोंडातून शब्द काढायला महाग. पहिल्या रविवारी तो समोर येऊन बसला.

"काय लिहू?"

"खुशाल हाय म्हनून लिव्ह."

"आणखी?"

"आनि काय? बास."

पुढं केव्हातरी त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. घरी बाप एकटाच. आई कधीच गेलेली. बापानं याला उभ्या ज्वारीच्या राखणीला माळ्यावर, म्हणजे रानातल्या मचाणावर, बसवलं होतं. हा माळ्यावरून उतरला आणि कुणाला न सांगता थेट साताऱ्याला भरतीला गेला. दिवसभर राखण कुणी नाही. भोरड्या पाखरांचे थवे उतरले आणि कणसं झोडपून गेले. त्यानंतर निघायच्या आधी एकदा तो घरी जाऊन आला, पण बापलेकांत बोलणं झालं नाही. भाकरी झाली, पाणी झालं, बोलणं नाही.

"आबाचं आन माजं आधीपासनंच बोलनं न्हाई," तो म्हणाला. "खुशालीचं कळलं म्हंजी झालं त्येला."

मला त्या कागदाची दया यायची. एवढा मोठा कागद, आणि त्यावर वर नमस्कार, मध्ये खुशाली, खाली आशीर्वादाची विनंती, आणि उरलेला कोरा. कोरा कागद पाठवणं मला जमत नाही. हा माझा जुना रोग आहे.

त्या चैत्रात तो पक्षी मला दिसला. मी डब्यांच्या ढिगाशी बसलो होतो आणि ढिगाच्या वरच्या डब्यावर तो येऊन बसला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंग वाळूच्या रंगाचं, गळा काळा कुळकुळीत, शेपटी काळी. ताठ उभा राहायचा, मग एकदम वाकून मुजरा केल्यासारखं करायचा, पुन्हा ताठ. जमिनीवर उडी मारून काहीतरी टिपलं की परत त्याच डब्यावर. आणि मधूनच दोन-तीन सूर, वरून खाली उतरणारे, रडवे म्हणावेत असे. त्या मुलखात आल्यापासून इंजिन आणि शिव्या सोडून दुसरा आवाज मी ऐकला नव्हता. मी दोस्ताला हाक मारून दाखवला. तो म्हणाला, "हाय की पाखरू," आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.

त्या रविवारी खुशाली लिहून झाल्यावर मी विचारलं, "खाली जागा आहे. पाखराचं लिहू का आबांना?"

"लिव्ह रं काय बी. तेवढीच म्हाताऱ्याला करमनूक."

मग मी लिहिलं. पाव पान पक्ष्यावर. पक्षी गाणारा होता आणि उघड्यावर राहणारा होता, म्हणून मी तो चंडोळ आहे असं ठोकून दिलं. चंडोळ मी आयुष्यात पाहिला नव्हता. नाव शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं.

उत्तर यायला तीन महिने लागले. गावातले शाळामास्तर आबांचं पत्र लिहून देत. आबा बोलत आणि मास्तर शुद्ध करीत. त्यात होतं: 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. विशेष. तू लिहितोस तो चंडोळ नव्हे. चंडोळाच्या छातीवर ठिपके असतात आणि तो गातो तेव्हा आभाळात चढत जातो. तू म्हणतोस तो खाली बसून गातो. तुला चंडोळ माहीत असावयास हवा होता. असो. पुढील गोष्टी पाहून कळव.' आणि मग प्रश्न. शेपटी पुरी काळी आहे की टोकाला? शेपटीच्या वर, पाठ संपते तिथे, पांढरं आहे का? गळ्याचा काळा रंग पंखाला जाऊन मिळतो का? एकटा असतो की जोडीनं? धावतो की टुणटुण उडतो? आणि शेवटी: 'त्याच्याकडे थेट पाहू नये. दुसरीकडे पाहात बसावे, म्हणजे तो जवळ येतो.'

हे पत्र मी दोस्ताला वाचून दाखवलं. बैल बरे आहेत, विहिरीला पाणी आहे, इथपर्यंत त्यानं ऐकलं. पक्ष्याचं सुरू झालं तसा तो उठला आणि गाडीखाली शिरला. पत्र माझ्या हातातच राहिलं. त्यानं परत मागितलं नाही, मीही दिलं नाही.

मी बघायला लागलो. आबांनी सांगितलं तसं, दुसरीकडे तोंड करून. शेपटी पुरी काळी होती, बुडाशी वर पांढरं होतं, आणि गळ्याचा काळा रंग खरोखरच पंखाच्या काळ्याला मिळत होता. तो धावायचा, थबकायचा, ताठ व्हायचा. मुंग्या आणि किडे टिपायचा. तारेच्या वेटोळ्याशेजारी उंदराचं एक जुनं बीळ होतं, त्यात मादी गवताच्या काड्या नेताना पाहिली. तिचा गळा काळा नव्हता. बिळात घरटं करणारा पक्षी मी ऐकलाही नव्हता. हे सगळं मी आबांना लिहिलं, पान भरून, त्यांच्या मुलाच्या नावानं. पहिल्यांदाच मला पत्र लिहिताना असं वाटलं की पलीकडं कुणीतरी वाट बघतंय.

दुसरं उत्तर आलं ते थंडीत. आबांना पक्षी ओळखू आला होता. 'आपल्या माळावर दिवाळीनंतर येतो तोच हा. त्याला इकडे कोणी नाव ठेवलेले नाही. मी त्यास धोंडबश्या म्हणतो.' शाळामास्तरांनी बाकी सगळं शुद्ध केलं होतं, पण धोंडबश्याचं त्यांना काही करता आलं नव्हतं. आबांनी त्याची रीत सांगितली होती. दर हिवाळ्यात शेताच्या एकेका पट्टीत एकटाच येऊन राहतो. एक बांध, चार धोंडे, तेवढं त्याचं राज्य. दुसरा आला तर हाकलून लावतो, मग ती मादी का असेना. हिवाळ्यात त्याला कुणी लागत नाही. गातही नाही फारसा. दाणा खात नाही, म्हणून एवढ्या वर्षांत त्याच्यावर कधी गोफण उचलली नाही. आणि शिमग्याच्या सुमाराला एके दिवशी बघावं तर नाही.

'तो इथून जातो कोठे हे मला आजवर कळले नव्हते,' आबांनी लिहिलं होतं. 'तो तुझ्याकडे येतो. चैत्रात तुला दिसला, म्हणजे बरोबर. येथे शिमग्याला जातो तो तेथे चैत्रात पोचतो. मला फार समाधान झाले.'

त्या वेळी बाहेर थंडीचं वारं सुटलं होतं, आणि तंबूच्या दारातून मला तो समोरच्या गोट्यावर दिसत होता. आबांच्या हिशेबानं तो तेव्हा कुंडलच्या वरच्या माळावर असायला हवा होता. म्हणजे हा आणि तो एक नव्हे, एवढं सरळ होतं. पुढं पुष्कळ वर्षांनी पक्ष्यांच्या एका पुस्तकात मी त्याचं चित्र पाहिलं. खाली नाव होतं रणगोजा. आपल्याकडं हिवाळ्यात येतात ते उत्तरेकडून, आणि आफ्रिकेतले ते तिकडचे, हेही त्यात होतं. पण ते वाचायची गरज नव्हती. मला तंबूच्या दारातच कळलं होतं. मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, 'इथं आता तो नाही. आपल्याकडं पोचला असेल. सांभाळा.'

खोटं बोलल्याचं मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर आनंद झाला. आबांच्या पत्रात आता पक्ष्याच्या मागेपुढे इतरही गोष्टी यायला लागल्या होत्या. उन्हात डोक्याला ओलं फडकं बांधत जा. थंडीत छातीला तेल चोळावं. रागाच्या भरात पाणी पिऊ नये. दोस्त या गोष्टी ऐकायला थांबायचा नाही. मी फडकं बांधायचो. मी तेल चोळायचो, गाडीच्या डब्यातलं नव्हे, स्वैपाक्याकडून मागून आणलेलं. मला कुणी आयुष्यात छातीला तेल चोळ म्हणून सांगितलं नव्हतं. लाज वाटते हे लिहायला, पण मी ती पत्रं माझी समजून वाचत होतो.

मग लंगड्याचं पत्र आलं. त्या हिवाळ्यात आबांच्या बांधावर आलेला धोंडबश्या डाव्या पायानं लंगडत होता. एक बोट वाकडं झालेलं. तरी त्यानं आपली पट्टी सोडली नाही, दुसऱ्याला येऊ दिलं नाही. 'काल तो गेला. एका पायाचा इतका लांब कसा जाईल याची मला काळजी लागली आहे. पोचला की नजर ठेव आणि मला कळव.'

पत्र हातात पडलं तेव्हा ऊन मी म्हणत होतं. डब्यावर पक्षी होता, दोन्ही पायांनी धडधाकट. मी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग कागद घेतला आणि लिहिलं, 'पोचला. डावा पाय अजून टेकवत नाही, पण पोट भरतो. काळजी नसावी.'

त्यानंतर आम्हाला समुद्र ओलांडून इटलीत नेलं. तिथं चिखल, द्राक्षाचे मळे, पडकी घरं आणि वर बर्फ. वाळवंट नाही, धोंडबश्या नाही. जागा बदलली हे लिहायची बंदी होती, आणि खरं तर मला ती बंदी फार सोयीची पडली. दोन उन्हाळे मी त्या मळ्यात बसून आबांना वाळवंटातल्या लंगड्या पक्ष्याची खबर देत राहिलो. यंदा चैत्राच्या सुरुवातीलाच पोचला. यंदा बीळ बदललं. दोस्त खाली अंगठा उठवायचा. एकदा त्यानं नुसतं विचारलं, "त्ये पाखराचं हाय का आजून?" मी हो म्हटलं. तो हसला.

लढाई संपली. आम्ही सुटलो. मी मेढ्याला परतलो आणि तालुक्याच्या कचेरीत कारकुनीला लागलो. मामाच्या घरी पुन्हा पाहुणा. दोस्ताला दोन पत्रं घातली. तो कशाला कुणाकडनं उत्तर लिहवून घेतोय? आबांना माझ्या नावानं पत्र घालण्याचं धाडस झालं नाही. सुटून आल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, पौषात, कचेरीतून चार दिवसांची रजा मिळाली, तेव्हा मी सरळ उठलो आणि गेलो. मनात काय होतं ते स्पष्टच सांगतो. आबांना भेटायचं, पक्षी दोघांनी मिळून बघायचा, आणि गोष्टीच्या ओघात त्यांना कळावं की तो बघणारा मी होतो. मग ते काहीतरी म्हणतील. काय म्हणतील ते मी आगगाडीत बसून चारपाच तऱ्हांनी ठरवलं होतं. प्रत्येक तऱ्हेत ते मला अरेतुरे करत होते.

कुंडलला उतरून चढण चढून माळावर पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. शाळू दाण्यात आला होता. एका रानात लाकडी माळ्यावर एक लांबट, वाळका म्हातारा गोफण घेऊन उभा होता. दोस्ताचंच नाक. मी खाली जाऊन उभा राहिलो आणि नमस्कार केला. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"मास्तर व्हय?"

"हो, आबा."

"या. वर या."

मुलगा कुठं आहे म्हणून विचारलं, तर सांगलीला असतो म्हणाले. मालमोटारीवर ड्रायव्हर आहे. महिन्या-दीड महिन्यानं येतो, भाकरी खातो, जातो. मी माळ्यावर त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी गोफण फिरवून एक खडा भिरकावला. मग त्यांनी मान न वळवता हनुवटीनं बांधाकडं दाखवलं.

धोंड्यावर तो बसला होता. ताठ. मग वाकला, पुन्हा ताठ. उडी मारून किडा टिपला आणि धोंड्यावर परतला. तोच गळा, तीच शेपटी. इतक्या लांब, आपल्या मुलखात, ज्वारीच्या बांधावर त्याला बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी विचारलं, "लंगडतोय का?"

"नाही."

"न्हाईच. ह्यो दुसरा हाय. त्या लंगड्याला जाऊन पाच वर्सं व्हत आली."

मला कळेना. आबा सांगू लागले, आणि त्यांचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळं ऐकणं अवघड झालं. लंगडा गेला म्हणून त्यांनी पत्र लिहवलं, ते टपालात पडलं, आणि आठवड्यानं त्यांना खालच्या बांधाच्या आडोशाला पिसं सापडली. काळी शेपटी, आणि वाकड्या बोटाचा तो पाय. तो कुठं गेलाच नव्हता. शिकऱ्यानं किंवा मांजरानं मारला असावा. मग चार महिन्यांनी माझं पत्र आलं, की पोचला, पोट भरतो, काळजी नसावी.

"आवं, तवाच मला समजलं हुतं खोटं हाय म्हनून," आबा म्हणाले. "शाळंतल्या मास्तरला मी त्ये पत्र तीनदा वाचाया लावलं. पाखरू मेल्यालं मी डोळ्यांनी बघितलेलं. पन मला लय बरं वाटलं. म्हनलं, पोरगं माजं मन राखाया खोटं लिवतंय. जे पोरगं माज्यासंगं बोलत न्हाई, त्ये माज्यासाठी खोटं बोलतंय. म्हनून मी बी फुडं इचारत ऱ्हायलो, लंगडा कसा हाय म्हनून."

मी खाली बघत होतो. ते पुढं म्हणाले, की मुलगा घरी आला त्या हिवाळ्यात त्यांनी त्याला पहाटे या बांधावर आणला. पक्षी समोर बसला होता, दहा पावलांवर. मुलगा म्हणाला, कुठं हाय? बोट करून दाखवला तर म्हणाला, ह्यो व्हय, आन मग? आबांनी लंगड्याचं विचारलं. तो म्हणाला, ते मला ठाऊक नाही, ते आमचा मास्तर लिहायचा.

"म्हंजी त्ये खोटं बी त्याचं न्हवतं," आबा म्हणाले.

मी माफी मागितली. म्हणालो, कोरा कागद पाठवायला जीव झाला नाही. म्हणालो, मला कुणी नव्हतं, आणि तुमची पत्रं यायची. एवढं बोलायला मला आगगाडीत ठरवलेलं काहीच उपयोगी पडलं नाही. आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमी चांगलं लिवलं. मी न्हाई म्हनत न्हाई." त्यांनी मला शेवटपर्यंत तुमी म्हटलं.

दुपारी त्यांनी भाकरी सोडली, झुणका आणि कांदा. निम्मी मला दिली. जेवण झाल्यावर ते माळ्याखाली ठेवलेली एक पत्र्याची पेटी घेऊन वर आले. आत सगळी पत्रं होती, एकावर एक, माझ्या अक्षरातली. मी स्वतः लिहिलेलं इतकं सगळं एका जागी कधी पाहिलं नव्हतं.

"मला वाचाया येत न्हाई," ते म्हणाले. "तुमी सांगा. ह्यातलं त्याचं कंचं आन तुमचं कंचं?"

मी पहिलं पत्र उघडलं. वाचत गेलो, आणि प्रत्येक वाक्याला बोट ठेवून सांगत गेलो. हे माझं. हेही माझं. शेपटीचं माझं, बिळाचं माझं. 'आपली आठवण येते' हे वाचलं तेव्हा आबांनी मान वर केली, आणि मला सांगावं लागलं की तेही माझं. मला आठवत होतं, त्या दिवशी लिहिताना मला खरंच त्यांची आठवण आली होती. ते मी बोललो नाही. ऊन माळ्यावरून सरकून बांधावर गेलं तरी आम्ही पत्रं वेगळी करत होतो. काही पत्रांत त्याचं 'खुशाल आहे' सोडून काही निघालंच नाही. एकात निघालं, 'पांढऱ्या बैलाचं शिंग बरं झालं का?' ते त्यानं स्वतः विचारलं होतं, गाडीखालून, पाय तेवढे बाहेर. दुसऱ्या एकात, 'विहिरीवरच्या आंब्याला पाणी घालावं.' आणि इटलीतल्या एका पत्रात, 'इथं फार गारठा आहे. तुमचं घोंगडं घेऊन यायला पाहिजे होतं.' हे मी विसरून गेलो होतो. त्यानं ते सांगितलं तेव्हा मी पुढच्या पाखराचा विचार करत होतो.

शेवटचं पत्र झालं. आबा म्हणाले, "आता निस्ती त्याची वाचा."

मी पुन्हा सुरुवात केली. पान उलटायचो, माझ्या ओळींवरून बोट खाली न्यायचो, त्याचं वाक्य आलं की थांबून वाचायचो. आबा डोळे मिटून बसले होते, गोफण मांडीवर. खुशाल आहे. खुशाल आहे. पांढऱ्या बैलाचं शिंग. खुशाल आहे. आंब्याला पाणी. घोंगडं. सगळं वाचायला विडा चघळून होईल एवढा वेळही लागला नाही.

"येवढंच?" आबांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी पत्रांचा गठ्ठा पुन्हा माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "मंग परत पयल्यापासनं वाचा." मी पहिलं पत्र पुन्हा उघडलं आणि त्याची ओळ शोधू लागलो.